गावडेंचे सात महिने

फौजी पेन्शनच्या ऑफिसात नोकरी केली असं सांगितलं, की समोरचा माणूस दोनपैकी एक गोष्ट विचारतो. मामाचं पेन्शन अडकलंय ते सुटेल का, नाहीतर तुम्ही कधी बंदूक चालवलीत का. मामांचं मी अजूनही बघते. बंदूक मात्र ऑफिसच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर पाहिली तेवढीच.

माझा जन्म बेंगळूरचा, आजोबांचाही इथलाच. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. पुण्याहून आयटीत आलेली आमच्या मराठी मंडळातली मुलं माझं मराठी ऐकून गालातल्या गालात हसतात, कारण मी 'जरा थांब'च्या जागी 'स्वल्प थांब' म्हणते. पण ऑफिसात ह्याच मराठीनं मला काम दिलं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा जवान खिडकीशी आला की आमचे सेक्शनचे साहेब, नागराज सर, केबिनमधून सांगायचे, "इंदू अक्का, तुमचं माणूस आलंय." अशी माझी पुष्कळ माणसं झाली.

काम काय होतं ते सांगते. जवान सुटला की त्याची नोकरी किती झाली हे आम्ही मोजायचं. पैसे मंजूर करणारं ऑफिस वेगळं, देणारं वेगळं. आमच्याकडे नुसती मोजणी. लोकांना वाटतं, भरतीची तारीख घ्यायची, सुटल्याची तारीख घ्यायची आणि वजाबाकी करायची. तेवढंच असतं तर सरकारनं मला इतकी वर्षं पगार दिला नसता.

शिपायाला पेन्शन बसायला पंधरा वर्षं भरावी लागत. ह्यात 'भरावी' हा शब्द महत्त्वाचा. रजेचे दिवस भरतात. दवाखान्यात पडून काढलेले भरतात. न सांगता घरी जाऊन बसलं तर ते दिवस भरत नाहीत. त्याला आमच्या भाषेत खंड म्हणतात. खंडाचा दुसरा प्रकार म्हणजे नोकरी सोडून जायचं आणि काही वर्षांनी दुसऱ्या दलात परत भरती व्हायचं. तेव्हा जुनी नोकरी नवीला जोडता येते, पण पहिल्यांदा सुटताना मिळालेली ग्रॅच्युइटी परत भरावी लागते. मधली वर्षं मात्र कुठंच धरत नाहीत. त्या वर्षांत तुम्ही काय केलंत हे कुणी विचारत नाही.

एकदा असाच एक परत भरती झालेला जवान आला. ग्रॅच्युइटी परत करा म्हटल्यावर तो विचारात पडला. त्या पैशाची त्यानं बैलजोडी घेतली होती. एक बैल विकला गेला होता आणि दुसरा म्हातारा झाला होता. उरलेला बैल चालेल का, असं त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं. मी नागराज सरांना विचारून सांगते म्हटलं. सरांनी तितक्याच गंभीरपणे नियमांचं पुस्तक उघडलं आणि बैलाचा उल्लेख नाही असं सांगितलं. शेवटी पगारातून हप्ते बांधून दिले.

अशी माणसं येत. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, पेन्शन कमी लागलंय. माझ्या सगळ्या नोकरीत उलटं गाऱ्हाणं घेऊन एकच माणूस आला, नाईक हुद्द्याचे परशराम गावडे.

गावडे खानापूरकडचे. सुटून बरीच वर्षं झाली होती. बेंगळूरलाच येलहंकात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत, आणि बेळ्ळंदूरला एका मोठ्या सोसायटीत सिक्युरिटीचं काम करत. ते खिडकीशी आले, सवयीनं पाय जुळवले आणि म्हणाले, "मॅडम, माझं पेन्शन चुकीचं लागलंय."

"किती कमी आलं?" मी विचारलं.

"कमी न्हाई. जास्त."

मी पेन खाली ठेवलं. रांगेत त्यांच्या मागे जी माणसं होती, ती सगळी पेन्शन वाढवून घ्यायला आली होती. भर बाजारात गिऱ्हाइकानंच भाव वाढवून मागावा तसं त्यांनी गावडेंकडं पाहिलं.

दर काही वर्षांनी पेन्शन सुधारतं आणि नवा कागद निघतो. तसा कागद गावडेंना आला होता. आधीचे त्यांनी कधी वाचले नव्हते. हा मात्र सोसायटीच्या सुपरवायझरनं हौसेनं वाचून दाखवला. त्यात एक रकाना असतो, न भरणाऱ्या नोकरीचा. तिथं 'निल' लिहिलं होतं. निल म्हणजे काय हे गावडेंनी विचारून घेतलं, आणि पुढच्या सुट्टीला ते माझ्यासमोर उभे राहिले.

"निल न्हवतं मॅडम. सात महिने मी घरी होतो. न सांगता."

मी आधी त्यांना आवाज कमी करायला सांगितलं. मग आत जाऊन जुनी फाईल काढली. गावडे खरं बोलत होते. तरुणपणी ते सात महिने पलटणीतून गायब होते. नंतर आपणहून हजर झाले. पळून जायचा इरादा नव्हता हे त्यांच्या कमांडिंग साहेबांना पटलं असावं, कारण नोकरी गेली नाही. महिनाभर कोठडी मिळाली आणि ते सात महिने गैरहजेरीत धरले गेले. पुढं कधीतरी जुने कागद संगणकात चढवताना कुणीतरी त्या गैरहजेरीची रजा करून टाकली. रजा भरते. त्यामुळे हिशेबात पंधरा वर्षं पुरी दिसली आणि गावडेंना वेळेवर सोडलं. गैरहजेरी दिसली असती तर आणखी सात महिने ठेवून घेतलं असतं आणि सगळं रीतसर झालं असतं.

आता पंचाईत अशी, की हे सात महिने काढले तर पंधरा वर्षं भरत नाहीत. पंधरा भरत नाहीत तर पेन्शनच नाही. आणि पेन्शन नाही तर आजवर घेतलेलं परत करा, असं वरून कुणीही लिहू शकतं.

नागराज सरांनी गावडेंना आत बोलावून चहा दिला. माणूस डोक्यानं बरा आहे ना, एवढं आधी नीट पाहून घेतलं. मग हिंदीत समजावलं की चूक तुमची नाही, आमची आहे, कुणी विचारत नाही, तुम्हीही विचारू नका, घरी जा. गावडे "जी सर" म्हणाले, चहा संपवला, कप उचलून बाहेर नेऊन ठेवला आणि गेले. पुढच्या महिन्यात परत आले.

ह्या वेळी मी त्यांना बाजूला बसवून विचारलं, की हे कशासाठी करताय? गावडे फार बोलणारे नव्हते. एकेक वाक्य जपून ठेवत होते.

"महिनाभर कोठडीत होतो मी त्याच्यापायी," ते म्हणाले. "आता कागद म्हणतोय रजा होती. रजा होती तर कोठडी कशाला?"

ह्याचं कलम नियमांच्या पुस्तकात नव्हतं. मग त्यांनी आणखी एक वाक्य काढलं.

"रजा सरकार देतं, मॅडम. ते सात महिने मला कुणी दिले न्हाईत. मी घेतले."

घरी काय घडलं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अर्ज घेत नाही, आणखी विचार करा, एवढं सांगून पाठवलं.

त्यानंतर आठवड्याभरात त्यांची बायको आली, एकटी. शेवंताबाई. ठेंगणी, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. गावडे ड्यूटीवर आहेत ते पाहून येलहंकाहून बस धरून आल्या होत्या. मी मराठी बोलते म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं आणि त्या लगेच अक्कावर आल्या. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पेन्शनवर त्याची फी जाते, पगारावर घर चालतं, हे त्यांनी मला सविस्तर सांगितलं. मग म्हणाल्या, यांचा अर्ज घेऊ नका. मी म्हटलं, घेतलेला नाही. त्या म्हणाल्या, "कागदावर काय का असंना, अक्का. मला ठाऊक हाय, यांस्नी ठाऊक हाय. आणि कुणाला पायजे?"

मला त्यांचं म्हणणं अगदी पटलं. त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडून मी परत आले, तर गावडेंचा अर्ज रजिस्टर टपालानं येऊन पडला होता.

हाती दिलेला अर्ज परत करता येतो. टपालानं आलेल्याला आवक क्रमांक पडतो, आणि क्रमांक पडलेला कागद सरकारात मरत नाही. आता काहीतरी करणं भाग होतं. नागराज सर दोन दिवस पुस्तकात डोकं घालून बसले. तिसऱ्या दिवशी बाहेर आले ते जरा खुशीत दिसले. जवान स्वतःच्या मर्जीनं सुटला नसेल, मुदत संपली म्हणून सुटला असेल, आणि तूट वर्षभरापेक्षा कमी असेल, तर ती तूट माफ करता येते, अशी तरतूद आहे. गावडे मुदत संपल्यावर सुटले होते आणि तूट सात महिन्यांची होती. म्हणजे आम्ही एकाच लखोट्यात दोन गोष्टी लिहायच्या. ह्या माणसाचे सात महिने भरत नाहीत, आणि न भरलेले सात महिने कृपा करून माफ व्हावेत. एका हातानं काढून घ्यायचे आणि दुसऱ्या हातानं मागायचे. धोका एवढाच, की निर्णय होईपर्यंत पेन्शन थांबू शकतं. आणि माफी मागायची तर कारण लिहावं लागतं.

दोघांना बोलावून घेतलं. सरांनी सगळं समजावलं, धोकासुद्धा. गावडे "चालंल" म्हणाले. सरांनी मला कारणाच्या जागी 'घरगुती अडचण' असं लिहायला सांगितलं. सगळे तेच लिहितात. न कळवता गेलेल्या शंभर जणांतल्या नव्वदांची घरगुती अडचण असते. वरच्या ऑफिसला तो शब्द सवयीचा आहे.

शेवंताबाईंनी मला विचारलं, साहेब काय लिवा म्हणाले. मी सांगितलं.

"अडचण न्हवं ती," त्या म्हणाल्या. "लिवायचंच असंल तर नीट लिवा."

आणि त्या सांगायला लागल्या. गावडे उठले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. गावडे सरहद्दीवर होते. पहिली मुलगी झाली आणि चार महिन्यांची होऊन तापानं गेली. त्यानंतर शेवंताबाईंनी खाणं सोडलं, बोलणं सोडलं. उठून विहिरीकडं चालू लागायच्या. घरची माणसं म्हणाली बाहेरचं काहीतरी लागलंय, माहेरी पाठवून द्या. गावडेंना कळवलं तेव्हा थोड्या दिवसांची रजा मिळाली. ती संपली तसे ते ट्रंक घेऊन स्टँडवर गेले, गाडी आली, गाडी गेली, आणि ते ट्रंक घेऊन परत आले. मग गेलेच नाहीत. सकाळी तिचे केस विंचरायचे. भात शिजवून, कालवून भरवायचे. ती विहिरीकडं निघाली तर अडवायचे नाहीत. बरोबर चालत जायचे, काठावर बसायचे आणि तिला घेऊन परत यायचे. गावात लोक हसले. वडिलांनी बोलणं टाकलं. खेड्यातल्या पोलिसानं दोनदा येऊन विचारलं, तेव्हा हजर व्हायला जाणारच आहे, चार दिवस द्या, असं सांगून त्याला परत पाठवलं. असे सात महिने गेले. मग एका सकाळी शेवंताबाई आपणहून चुलीपाशी बसल्या, भाकऱ्या थापल्या, नवऱ्याला ताट वाढलं आणि विचारलं, "तुमची रजा कधी संपते?"

गावडे म्हणाले, "उद्या." आणि दुसऱ्या दिवशी गेले. कोठडीचं शेवंताबाईंना पुष्कळ पुढं, दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

हे सगळं शेवंताबाईंनी दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं, न अडखळता. मी सरांना कन्नडमध्ये सांगत गेले. सर टेबलावरचा पेपरवेट बघत होते. मग म्हणाले, सरी, ठीक आहे, लिहा. मी इंग्रजीत पाऊण पान लिहिलं. सरांनी विहीर काढली, केस काढले, वडील काढले आणि तीन ओळी ठेवल्या. तान्हं मूल दगावल्यानं पत्नी गंभीर आजारी. शुश्रूषा करणारं दुसरं कुणी नाही. पतीनं एकट्यानं शुश्रूषा करून बरं केलं. 'बरं केलं' हे कारणात बसत नाही, असं मी म्हटलं. सर म्हणाले, राहू दे. खाली शेवंताबाईंनी कन्नडमध्ये सही केली, कारण त्या शाळेत तेवढंच शिकल्या होत्या.

लखोटा गेला. दोन महिन्यांनी पेन्शन थांबलं.

तो काळ मला आवडत नाही. वरून उत्तर येईना. नागराज सर दर सोमवारी फोन लावत आणि त्यांच्या कन्नड वळणाच्या हिंदीत, न चिडता, तोच प्रश्न विचारत. तिकडूनही न चिडता तेच उत्तर येई, की विचाराधीन आहे. गावडेंनी बेळ्ळंदूरला दुहेरी ड्यूटी घेतली. दिवस आणि रात्र गेटवर, मधे कुठंतरी झोप. शेवंताबाईंनी येलहंकात तीन घरचा स्वयंपाक धरला. मुलानं शिकवण्या सुरू केल्या आणि बापाशी बोलणं कमी केलं. हे मला शेवंताबाईंनीच फोनवर सांगितलं, आणि वर, तुमची तब्येत कशी आहे असंही विचारलं. मी बरी आहे म्हटलं. पुढं पुढं त्यांचा नंबर दिसला की फोन उचलायला मला उशीर व्हायला लागला. एखाद्या माणसाचं खरं निघालं आणि त्याचं घर बुडालं, तर आपण नेमकं काय काम केलं, हे मला समजत नव्हतं. टपाल एरवी इतकं हरवतं, तेव्हा गावडेंचा अर्ज नेमका कसा पोचला, असंही वाटून गेलं.

गावडे एकदा आले होते मधे. बारीक झाले होते. मी म्हटलं, पश्चात्ताप होत असेल. ते म्हणाले, झोप कमी पडते, बाकी काही नाही.

माफी आली तेव्हा ती एका ओळीची होती. कारण विचारात घेऊन सात महिन्यांची तूट माफ करण्यात येत आहे. पेन्शन जेवढं होतं तेवढंच. थांबलेलं सगळं एकरकमी मिळणार, वसुली नाही. न भरणारी नोकरी, सात महिने. नागराज सरांनी कागद दोनदा वाचला आणि शिपायाला सगळ्या सेक्शनसाठी चहा सांगायला पाठवलं. एवढ्या वर्षांत त्यांनी असा चहा सांगितलेला मी दोनदाच पाहिला, आणि दुसऱ्या वेळी त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

दोघं मिळून कागद न्यायला आले. गावडेंनी इंग्रजी वाचता येत नसूनही तो वरपासून खालपर्यंत पाहिला, "बरोबर" म्हणाले आणि झेरॉक्स काढायला खाली गेले. शेवंताबाई माझ्यासमोर बसून राहिल्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, त्या दिवशी तुम्ही इतकं नीट सांगितलंत म्हणून काम झालं. इतक्या वर्षांनी सगळं कसं आठवतं हो तुम्हाला.

"मला कुठलं आठवतंय, अक्का," त्या म्हणाल्या. "पोरगी गेलेली आठवते. आणि मग एकदम भाकरी केलेली, रजेचं इचारलेलं. मधलं काय बी न्हाई. यांनी एकदा सांगितलेलं, तेवढंच तुमास्नी सांगितलं."

मी फाईल मिटली.

"मला वाटलं हुतं, मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिवायला बसला तवा कळलं, माझ्याकडं काय बी न्हाई. सगळं यांच्याकडंच. म्हणून म्हटलं, लिवा."

नियमानं पाहिलं तर साक्षीदारानं स्वतःला ठाऊक असलेलंच सांगायचं असतं. मी हे नागराज सरांना सांगितलं नाही. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून इथं लिहिते.

गावडे वर आले. त्यांनी मूळ कागद खिशात ठेवला होता आणि झेरॉक्स बायकोच्या हातात दिली. शेवंताबाईंनी मला, ते सात महिने कुठं लिहिलेत, म्हणून विचारलं. मी उठून बोट ठेवून दाखवलं. त्यांनी तिथं थोडा वेळ बघितलं, कागदाची घडी घातली आणि पिशवीत तांदळाच्या पुडीखाली सरकवली. मला बसा म्हणाल्या, मी नको म्हणत असताना वाकून नमस्कार केला, आणि दोघं निघाले.

लिफ्ट बंद होती. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. गावडे दोन पायऱ्या पुढं होते, कठड्याला धरून शेवंताबाई मागं. खालच्या वळणावर त्या थांबल्या आणि त्यांचा आवाज वर आला.

"भात तुम्ही करायचा, ते खरं. भाजी कोण करायचं तवा?"

गावडेही थांबले.

"शेजारची काकू द्यायची," ते म्हणाले. "कधी कधी. एरवी ताकच."

"आणि मी खायची?"

"पयल्यांदा न्हाई," गावडे म्हणाले, आणि पायऱ्या उतरता उतरता पुढचं सांगायला लागले.